मधल्या खोलीतली हवा

३ जुलै २००६, सोमवार

तीस वर्षं रोज संध्याकाळी दौऱ्याची दैनंदिनी लिहिली. गाव कोणतं, घरं किती, किती घरांत फवारणी झाली, किती घरांना कुलूप होतं. खाली साहेबाची सही. शुक्रवारी मलेरिया विभागातून निवृत्त झालो आणि काल दिवेलागणीला हात आपोआप पेन शोधू लागला. म्हणून ही वही आणली. इथं सही करणारा कोणी नाही, तेव्हा खरं ते लिहायला हरकत नाही.

पहिलं खरं हे की दुर्गाबाईची तब्येत चांगली नाही. गेल्या महिन्यात बाळापुरात घरोघरी चिकुनगुन्या झाला, तसा तिलाही झाला. ताप पाच दिवसांत उतरला पण सांधे धरलेलेच आहेत. उठताना भिंत धरते. त्याहून वाईट म्हणजे बोलत नाही. जिच्या बोलण्याला कंटाळून मी कधी काळी मेळघाटातल्या सेमाडोहची बदली मागून घेतली होती, ती आता दिवसभर मधल्या खोलीत पडून छताकडे बघते.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांपेक्षा घर सांभाळा. डास नकोत, ओल नको. उजेड असावा, हवा खेळती असावी आणि बाईंचं मन प्रसन्न राहील असं बघा."

हे मला सांगावं? अर्धा मेळघाट मी हेच सांगत पायी फिरलो. पण स्वतःच्या घरात सलग महिनाभर कधी राहिलो नाही, हेही खरं. मुलगा श्याम मी नसताना मोठा झाला, आता बारा एकर शेत वाहतो. सून दामिनीशी माझं बोलणं आत्ता कुठं सुरू झालं. नात मैना चार वर्षांची आहे, ती मला बघून अजून आजीच्या लुगड्यामागे लपते.

ठरवलं. दिवाळीपर्यंत हे घर निरोगी करून दाखवायचं. शरीरालाही आणि मनालाही.

९ जुलै

आठवडाभर नुसती सफाई. सांडपाण्याची नाली उपसली. रांजण, टाक्या, छपरावरचं जुनं टायर, सगळीकडे अळ्या निघाल्या. श्यामला बोलावून दाखवल्या. तो म्हणाला, "बाबा, आमी रोज हेच पानी पेतो," आणि हसला. मला हसू आलं नाही.

मधल्या खोलीच्या कोपऱ्यातून तीन पोती सामान काढलं. जुन्या साड्या, फुटके डबे, कधीचं बी-बियाणं. दुर्गाबाई बाजेवरून बघत होती. पोतं बाहेर गेलं तेव्हा म्हणाली, "तुमी तीस वर्सं लोकायची घरं फवारली. आता माह्यंच राहिलं होतं."

महिनाभरात एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदा बोलली. मी ते चांगलं लक्षण समजतो.

१७ जुलै

शेजारी नबीभाई राहतात. बाळापुरातल्या अर्ध्या लग्नांच्या गाद्या त्यांनी भरल्या आहेत. दुर्गाबाईची गादी पिंजायला दिली होती. त्यांनी ती अंगणात उसवली आणि मला हाक मारली. शिवणीच्या कडेनं ढेकणांची रांग. बाजेच्या फटीतून, भिंतीच्या पोपड्यामागे, सगळीकडे.

म्हणजे ती झोपत नव्हती ती यामुळे. सांध्यांचं निमित्त. मला मनातून बरं वाटलं. मनाच्या दुखण्याला काय करावं ते मला कळत नाही, पण ढेकणांचं काय करायचं ते कळतं.

नबीभाई म्हणाले, "साहेब, कापूस पिंजून देतो. पन गादीले चार दिवस कडक ऊन दाखवा. बाजेवर उकळतं पानी टाका. दुसरं काही करू नका."

या पावसात ऊन कुठून आणू?

२१ जुलै

आज फवारलं.

कपाशीवरच्या किडीसाठी श्यामनं औषध आणून ठेवलं होतं, ते मागितलं. तो जरा घुटमळला. "बाबा, हे वावरातलं हाये. याचा वास डोक्यात जाते. घरात नका मारू."

मी म्हणालो, "तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी पंप धरतो. मले शिकवू नको."

खात्यात असताना आमच्या एका अधिकाऱ्यानं गावकऱ्यांची भीती घालवायला फवारणीची पावडर जिभेवर ठेवून दाखवली होती. तो माणूस पुढे खूप वर्षं ठणठणीत जगला. भीती ही अज्ञानातून येते, हे मी शेकडो सभांत सांगितलं आहे.

भिंती, बाजेच्या फटी, गादीची शिवण. दुर्गाबाईला आणि मैनाला तीन तास ओट्यावर बसवलं. नंतर कापूर जाळला. गल्लीकडच्या खिडकीला जाळी होतीच, तिच्यावर आता प्लास्टिकही ठोकलं. पावसाचे शिंतोडे नाहीत, नालीचा वास नाही, डासांना तर वाटच नाही.

२४ जुलै

तीन दिवसांत एक डास नाही. ढेकूण झाडूनं गोळा केले, मूठभर निघाले. मुंग्यांची रांग बंद झाली. दिव्यामागच्या दोन्ही पाली मरून पडल्या. दामिनीनं दाखवल्या तेव्हा खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

दुर्गाबाईला झोप लागते आहे. दुपारीही झोपते.

माझं डोकं मात्र सकाळपासून धरलंय. चष्म्याचा नंबर बदलला असावा, अक्षरं अंधुक दिसतात.

६ ऑगस्ट

पावसात भिंत ओलावते आणि औषध उतरतं, म्हणून काल दुसरा हात दिला. खात्यात सहा महिन्यांनी द्यायचो, पण ते खातं होतं, हे घर आहे.

दुर्गाबाईच्या पोटात मुरडा येतो. घाम इतका की पोलकं पिळून काढावं. तोंडाला पाणी सुटतं, उशी ओली होते. इथल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. मैनालाही काल दोनदा उलटी झाली. ती आजीजवळच झोपते. दामिनी म्हणाली, "मामाजी, त्या खोलीत गेलं की डोळे चुरचुरतात. प्लास्टिक काढू का?"

मी म्हणालो, सवय नाही म्हणून चुरचुरतात. डास परवडले का डोळे? ती भांडी घासायला गेली. चांगली मुलगी आहे, पण स्वच्छतेला वास असतो हे तिला समजत नाही.

१३ ऑगस्ट

दुर्गाबाईच्या हाताला कंप सुटला आहे. मैनाबरोबर सागरगोटे खेळायला बसली तर एकही झेलता आला नाही. मैनाला वाटलं आजी मुद्दाम हरते आहे, ती टाळ्या पिटत होती. दुर्गाबाईनं गोटे गोळा केले आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. जीव घाबरते नुसता."

"कशाला घाबरतो? काय कमी आहे?"

"तेच तं. काही कमी नाई आन् तरी घाबरते."

मला याचा राग आला, हे लिहून ठेवतो. मी एवढं करतोय. श्यामचं पीक उभं आहे, सून नीट आहे. ज्यांच्या घरी खरंच काही उरलं नाही ती माणसं औषध पिऊन रोज पेपरात येतात. आणि ही म्हणते जीव घाबरते. मग वाटलं, तीस वर्षं तिनं हे घर एकटीनं चालवलं, आणि मी आल्यापासून रोज तिची एकेक वस्तू बाहेर काढतो आहे. कदाचित तिला मीच नको असेन.

१५ ऑगस्ट

तिची बहीण भागीरथा भातकुलीहून न्यायला आली. हवापालट होईल म्हणून मैनालाही सोबत पाठवलं.

२२ ऑगस्ट

आठ दिवसांनी दोघी परत आल्या आणि मी बघतच राहिलो. दुर्गाबाई एसटीतून स्वतः उतरली. गालावर रंग. भागीरथाच्या घरी तिनं पुरणपोळ्या लाटल्या म्हणे. उतरल्या उतरल्या नबीभाईंच्या कुलसुमबीला हाक मारली, आणि दोघी ओट्यावर तासभर हसत होत्या. कशावर हसत होत्या देव जाणे.

मनच होतं तर. माणसांत राहिली की बरी होते. उद्या पोळा आहे, घर भरलेलं राहील.

ती येणार म्हणून मी परवाच मधली खोली पुन्हा नीट करून ठेवली आहे. गादी दोन्ही बाजूंनी फवारली. बाहेरून आलेल्या माणसाला घर ताजं वाटलं पाहिजे.

२५ ऑगस्ट, अकोला

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे.

काल सकाळी ती उठली नाही. दामिनीनं हलवलं तर तोंडातून फेस, श्वास घरघरत होता, अंथरूण ओलं. श्यामनं जीप आणली. इथं डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मारता मारताच सिस्टरला काहीतरी ओरडून सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "कोणतं औषध घेतलं?"

"सांध्यांच्या गोळ्या चालू आहेत."

"गोळ्या नाही. शेतातलं. बाटली सोबत आणली का?"

मला कळलंच नाही. त्यांनी मला वॉर्ड दाखवला. बावीस खाटा. "यातले अठरा त्याच औषधाचे आहेत, काका. लपवू नका, लपवल्यानं पेशंट जातो."

मी बाटलीवरचं नाव सांगितलं. घरात कुठं होती विचारलं, मी म्हणालो, वरच्या फळीवर. ते लिहीत राहिले. मी तिथल्या बाकावर बसलो. माझ्या दुर्गाबाईनं औषध घेतलं.

२६ ऑगस्ट

रात्रीतून धोका टळला. डोळे उघडले. मी कानाशी वाकून कारण विचारलं, "काहून केलं असं?"

"काय केलं?"

"औषध काहून घेतलं?"

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मी काही घेतलं नाई. मैनाची शपथ."

मी तिचा हात धरला आणि मनात म्हणालो, हिला लाज वाटते आहे. हा हात पूर्वी कधी धरला होता ते आठवेना.

दुपारी बाळापूर ठाण्याचा जमादार आला. चांगला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, दोनच गोष्टी होतात. एक तं बाईनं स्वतः घेतलं, नाही तं कोनी देल्लं. घरात सून हाये म्हनता?"

मी घाईनं म्हणालो, "स्वतःच घेतलं. महिन्यापासून मनस्ताप होता. आजारपणाला कंटाळली होती." त्यानं तसंच लिहिलं. म्हणाला, बाईला समज देऊन प्रकरण मिटवतो, फक्त जबाबावर त्यांची सही पाहिजे.

दुर्गाबाईनं कागद सगळा वाचला. "हे खोटं हाये," म्हणाली.

मी तिला समजावलं. सही नाही केली तर पोलीस दामिनीला विचारतील, पोरीच्या माहेरी अमरावतीला बातमी जाईल, मैनाचं काय होईल.

तिनं पेन घेतलं. "दामिनीसाठी करतो," म्हणाली. सही वाकडी आली.

३१ ऑगस्ट

रोज सुधारते आहे. इथल्या गर्दीत, घाणीत, फिनेलच्या वासात तिला भूक लागते आहे. शेजारच्या खाटेवर पारस गावची जमुना नावाची पोर आहे, वीस वर्षांची. तिनं खरंच घेतलं होतं. दुर्गाबाई तिला आपल्या ताटातलं भरवते आणि दरडावते, "खाय! मरनं सोपं हाये का?"

मी दारातून ऐकलं. जिनं स्वतः असं केलं ती दुसरीला हे सांगू शकते का? माणसाचं मन मला कधीच वाचता आलं नाही.

३ सप्टेंबर, बाळापूर

उद्या तिला सोडणार. डॉक्टरांनी बजावलं की घरात औषधाचा थेंब ठेवू नका. आज दिवसभर तेच केलं.

वरची फळी, गोठा, न्हाणीघर, सगळीकडून बाटल्या गोळा केल्या. दोन बंद होत्या, त्या श्यामनं वावरातल्या कोठ्यात नेऊन कुलूप लावलं. एक अर्धी उरली होती. कुठं ओतावी? नालीत ओतली तर गुरं पितात, उकिरड्यावर कोंबड्या. शेवटी पंपात भरली आणि मधल्या खोलीत संपवून टाकली. भिंती, बाज, गादीची खालची बाजू. बाटली फोडून पुरली, पंप धुऊन श्यामकडे दिला.

घरात आता थेंबही नाही.

विहिरीवरचा दोर काढून ठेवला. चाकू, विळी दामिनीच्या ताब्यात.

५ सप्टेंबर

ती आली. लोक भेटायला येतात आणि ओट्यावरूनच विचारतात, "आता बरं हाये ना?" आत डोकावतात. गावात सगळ्यांना माहीत आहे. एक बाई तिच्यासमोरच म्हणाली, "बाप्पा, पोराबाळांचा तरी विचार करायचा." दुर्गाबाई म्हणाली, "मी काही घेतलं नव्हतं." त्या बाईनं मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

तिला एकटं सोडायचं नाही असं ठरलं आहे. ओट्यावर बसू देत नाही, लोक काहीबाही बोलतात. स्वयंपाकघरात जाऊ देत नाही. मधल्या खोलीतच सगळं हाताशी दिलं आहे. दुपारी मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. मैनाला मुद्दाम तिच्याजवळ झोपवतो, पोरीकडे बघून तरी मन धरेल.

आज ती म्हणाली, "खिडकी उघडा ना."

गल्लीत ती कुणाला हाक मारेल, काय मागवेल, सांगता येत नाही. मी नाही म्हणालो.

"मले भातकुलीले नेऊन सोडा मंग."

"बरी झालीस की नेतो."

८ सप्टेंबर

कुलसुमबी भेटायला आली. तिला मी आत जाऊ दिलं, ती घरची आहे. पंधरा मिनिटांत बाहेर आली, डोळे पुसत. मला वाटलं रडली. तर म्हणाली, "भाऊसाहेब, बुरा मत मानो, पन त्या खोलीत बसलं का डोकं भिन्नाते. जीभ जड होते. भाभीले बाहेर काढा. आमच्या घरी पाठवा चार दिवस."

मी म्हणालो, विचार करतो. तिच्या मागे दुर्गाबाई उठून बसली होती. माझ्याकडेच बघत होती. मी विचार केला नाही. शेजाऱ्याच्या घरी बायको ठेवली तर लोक काय म्हणतील, एवढाच विचार केला.

११ सप्टेंबर

पुन्हा घाम. पुन्हा पोटात मुरडा. मी तिची उशी, पेटी, लुगड्याच्या घड्या सगळं तपासलं. काही सापडलं नाही. कुठून मिळवते? दामिनीची पर्सही बघितली. तिनं मला बघताना बघितलं. तेव्हापासून ती माझ्यासमोर ताट ठेवते आणि निघून जाते.

मी दुर्गाबाईला हात जोडले. म्हणालो, कुठं ठेवलंस सांग.

ती खूप थकलेली होती. "तुमी मले कधी पाह्यलंच नाई," म्हणाली. "आता पायता तं असं पायता."

१९ सप्टेंबर

तेराला सकाळी दुर्गाबाई गेली. अकोल्याला पोचायच्या आत, जीपमध्ये.

आज जमेल तसं लिहितो.

जीपमध्ये दामिनीच्या मांडीवर मैना होती. तिलाही फेस येत होता. दवाखान्यात दुर्गाबाईला बाजूला ठेवलं आणि सगळे मैनाकडे धावले. तेच डॉक्टर होते. पोरीला सुई दिली, नळी घातली, आणि मग त्यांनी मला विचारलं, ओरडले नाहीत, हळूच विचारलं, "काका, चार वर्षांची पोर औषध घेते का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग हिच्या अंगात कुठून आलं?"

श्याम माझ्या मागे होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबानं घरात फवारलं." मग भिंतीला टेकला. "गादीवर," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा फवारलं. मला पटकन सांगता आलं नाही. मी सगळं लिहून ठेवलेलं आहे, एवढंच म्हणालो.

मैना वाचली. पाच दिवसांनी पाणी मागितलं.

२० सप्टेंबर

वही पहिल्यापासून वाचली. प्रत्येक तारीख माझ्याच अक्षरात. फवारलं, मग घाम. फवारलं, मग उलटी. भातकुलीला गेली, बरी झाली. आली, पडली. दवाखान्यात गेली, बरी झाली. दामिनी सांगत होती, कुलसुमबी सांगत होती, नबीभाई तर सगळ्यांत आधी. एखाद्या गावच्या आकड्यांत असं दिसलं असतं तर मी सायकल मारत रात्रीतून साहेबाकडे गेलो असतो.

आणि तिनं मैनाची शपथ घेतली होती.

२१ सप्टेंबर

श्यामनं आणि नबीभाईंनी गादी, बाज, उशा वावरात नेऊन खोल पुरल्या. जाळू नका, धूर लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खिडकीचं प्लास्टिक नबीभाईंनी एका झटक्यात ओढून काढलं. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दामिनी मैनाला घेऊन दवाखान्यातून परस्पर अमरावतीला गेली. मी फोन केला. तिच्या आईनं उचलला, म्हणाली, ती झोपली आहे. सकाळचे अकरा वाजले होते.

२३ सप्टेंबर

ठाण्यात गेलो. जमादारानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणालो, तो जबाब खोटा आहे, बदलून घ्या. बाईनं काही घेतलं नव्हतं. मी फवारलं होतं. माझ्यावर जे कलम लागत असेल ते लावा.

त्यानं फाइल काढली. "साहेब, हे पाहा. पहिला जबाब, बाईची सही. मनस्ताप, आजारपणाला कंटाळून. हे तुमीच सांगितलेलं. आता पोटात काय, रक्तात काय, औषध तेच निघनार. दुसऱ्यांदा घेतलं असं साधं दिसते. पोरगी जवळ झोपली होती, तिले आजीच्या तोंडचं लागलं असन."

"पण मी सांगतोय ना!"

"घरच्या मानसाले असं वाटतेच. मागच्या महिन्यात एक बाप आला होता, म्हने पोरगं माह्यामुळे गेलं, मले धरा." त्यानं फाइल मिटली. "घरी जा, आराम करा. तुमी खात्यातले मानूस. आमाले माहीत हाये तुमी कसे हा."

मी कागद मागून घेतला आणि तिथंच बसून चार पानं लिहिली. तारखांसह. त्यानं पोच दिली. वर पाठवतो म्हणाला. मी तीस वर्षं वर कागद पाठवले आहेत, मला ते वाक्य माहीत आहे.

२५ सप्टेंबर

तेरवी झाली.

मांडवात शे-सव्वाशे माणूस होतं. दामिनी आली होती. मैनाला आणलं नव्हतं. पंगत बसण्याआधी मी उभा राहिलो. श्याम म्हणाला, "बाबा, राहू द्या." पण मी बोललो. सभांत बोलायची सवय आहे, आवाज कापला नाही. म्हणालो, दुर्गाबाईनं औषध घेतलं नव्हतं. शेतातलं औषध मी घरात फवारलं. चारदा. ती ज्या गादीवर झोपत होती त्या गादीवर. मग तिला त्याच खोलीत बसवून दाराशी पहारा दिला. ती खरं सांगत होती आणि मी तिच्याकडून खोटी सही घेतली. तिचा जीव माझ्या हातानं गेला. तुमच्यापैकी कुणी घरात ते फवारत असेल तर आजच थांबा.

एक म्हातारा खोकला. मग दुर्गाबाईचा भाऊ जानराव उठला. मी वाट बघत होतो की तो माझ्या तोंडात मारेल. त्यानं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि मला खाली बसवलं.

"बस, खुशालराव. समजते आमाले."

"काय समजते?"

"घराच्या इज्जतीसाठी मानूस सगळं आपल्या अंगावर घेते. तुह्यासारखा नवरा भेटायले पुण्य लागते." आणि तो रडायला लागला. मांडवातल्या दोनचार बायकांनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी पंगत वाढायला सांगितली.

दामिनी एकटी ताठ उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. श्यामसारखंच तिलाही ते खरं माहीत होतं, आणि तिच्या नजरेत माझ्यासाठी काही नव्हतं.

पंगती उठल्यावर भागीरथा मागच्या दारी आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून माझ्याजवळ बसली. "भाऊजी, मले तरी खरं सांगा. मी कोनाले नाई सांगनार. आठ दिवस माह्याजवळ होती, हसत होती, पोया लाटत होती. तिले काय दुःख होतं?"

"काही नव्हतं, भागीरथाबाई."

मी तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ढेकूण, पंप, खिडकी, तारखा. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली,

"मंग काहून घेतलं तिनं?"